ओटीतला लिलीचा कंद

मित्रांनो, मी एक जुना लिलीचा कंद आहे, आणि तोही पुरता नाही. माझी डावी बाजू मासे चिरायच्या विळीने कापली गेलेली आहे. फुलझाडाची कहाणी म्हटली की तुम्ही सुगंधाची वाट बघाल. माझ्या कहाणीत नासकं दूध आहे आणि कुजकी फुलं आहेत. ती आठवली की आजही मला शिसारी येते.

माझा जन्म नागपूरचा. कोरडी हवा, भुसभुशीत माती आणि मान मातीच्या वर, एवढंच आम्हाला लागतं. चैत्रात लालभडक फुलं द्यायची, पावसाळाभर पानं पोसायची आणि कार्तिक लागला की पाण्याचा थेंबही न घेता गाढ झोपायचं, ही आमची रीत. घराचीही एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत तांदूळ, नारळ आणि खण यांच्याबरोबर या लिलीचं एक पिल्लू घालत. मोठा कंद आईपाशी राही आणि त्याच्या कुशीला धरलेलं पिल्लू लेकीबरोबर जाई. सुनीतीबाईंच्या ओटीत पडलं ते पिल्लू म्हणजे मी.

१९३८ साली सुनीतीबाईंच्या यजमानांची, रेल्वेतल्या मनोहरपंतांची, कलकत्त्याला बदली झाली आणि आम्ही गार्डन रीचला राहायला आलो. हवा इतकी दमट की वाळत घातलेली धोतरंसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नसत. तरी सुनीतीबाईंनी पहिली तेरा वर्षं मला शहाण्यासारखं सांभाळलं. हिवाळ्यात त्या माझी कुंडी कोरड्या कोपऱ्यात ठेवीत आणि विसरून जात. असं विसरणं कुणाला साधलं तर त्याचे पाय धरावेत.

मग नागपूरहून तार आली. सुनीतीबाईंची आई गेली होती. त्यांना शेवटची भेटही मिळाली नाही. बरोबर तेराव्या दिवशी मला चार फुलं एकदम आली. चैत्र होता, मी दुसरं काय करणार? पण सुनीतीबाई माझ्यापुढे बसून खूप रडल्या आणि म्हणाल्या की आईच भेटायला आली. त्या दिवसापासून माझी कुंडी तुळशीशेजारी गेली आणि माझे हाल सुरू झाले.

रोज सकाळी आंघोळ झाली की त्या ओलेत्याने माझ्यावर तांब्याभर पाणी ओतीत. श्रावण असो की पौष, तांब्या काही चुकला नाही. शुक्रवारी वाटीभर दूध. दुपारपर्यंत ते माझ्या मानेशी फाटे आणि त्यावर माश्या घोंघावू लागत. माझ्या अंगावर हळदीकुंकवाचा चिखल साचला. कालची फुलं वाहत्या पाण्यात सोडायची, तर नदी हाकेच्या अंतरावर. पण आईला वाहिलेलं आईपाशीच राहू दे, म्हणून ती माझ्याच कुंडीत कुजत. त्यांत पांढरे किडे वळवळायचे. अति तेथे माती म्हणतात. माझी तर मातीही धड राहिली नाही, तिचा चिकट काळा लगदा झाला.

पानं पिवळी पडली तेव्हा शेजारच्या सरलादींनी मासे धुतलेलं पाणी घालायला सांगितलं. त्यांच्या जास्वंदीला ते मानवत असे. सुनीतीबाईंच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. पण आईसाठी त्यांनी तेही केलं. नाकाला पदर लावून, तोंड फिरवून त्या ते पाणी ओतत आणि मग स्वतः पुन्हा आंघोळ करत. मला पुन्हा आंघोळ घालायचं मात्र कुणाला सुचलं नाही, आणि घातली असती तर मी त्याच दिवशी मेलो असतो.

त्यांची मुलगी लीना कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. १९५४च्या कार्तिकात तिचं लग्न ठरलं. मुहूर्त वैशाखातला होता. ओटीसाठी पिल्लू मोकळं करावं म्हणून सुनीतीबाईंनी तिला माझी माती उकरायला सांगितली, आणि अशी घाण सुटली की दोघी मागे सरल्या. माझ्या कुशीला दोन पिल्लं होती. लीनाने बोट लावताच दोन्ही पिचकन फुटली. माझी डावी बाजूही तपकिरी, मऊ झाली होती. कलकत्त्यात या लिलीचं दुसरं रोप नव्हतं. नागपूरचा मोठा कंद आजीमागे कुणी सांभाळला नव्हता. मी गेलो असतो तर लीनाच्या ओटीत घालायला काही उरलं नसतं, आणि तिच्या लेकींच्याही.

लीनाने विळी मागितली. सडका भाग कापून टाकला तर उरलेला जगेल, असं ती सांगत होती. सुनीतीबाईंनी विळी उचलून पाठीमागे धरली.

"माझ्या आईला मी विळी लावू देणार नाही," त्या म्हणाल्या.

लीना कलकत्त्यात वाढलेली. तिला मराठी शब्द चटकन सापडत नसत. एकेक शब्द जुळवत ती म्हणाली,

"ही आजी नाही, आई. हा कंद आहे. आणि तू त्याला रोज बुडवते."

मग ती शेजारी गेली आणि सरलादींची मासे चिरायची विळी घेऊन आली. तिच्या पात्याला हिलशाचे खवले चिकटले होते. ते पातं माझ्या अंगात शिरलं तेव्हा वेदनेपेक्षा किळस जास्त आली. पण खरं सांगतो, तीन वर्षांच्या दुधातुपापेक्षा त्या माशाच्या विळीने माझं जास्त भलं केलं. लीनाने जखमेवर चुलीची राख दाबली आणि मला कोरड्या टोपलीत टाकलं. सुनीतीबाई आठ दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

वैशाखापर्यंत मी जगलो, पण पिल्लू धरायची ताकद अंगात नव्हती. निघताना ओटी भरायची वेळ आली. बायका कुजबुजू लागल्या की यंदा रीत मोडणार. सुनीतीबाईंनी तांदूळ घातले, नारळ घातला, आणि मग मलाच आणून लीनाच्या ओटीत ठेवलं.

"माझ्यापाशी राहिला तर मी पुन्हा पाणी घालीन," त्या म्हणाल्या. "मला राहवणार नाही. तू मोठाच घेऊन जा."

मी सुटलो म्हणून मला आनंद झाला. तेव्हा मी त्या बाईकडे वळूनही पाहिलं नाही, आणि याची मला आता लाज वाटते.

कलकत्त्यातच, बेहालाला, लीनाच्या सासरी माझं कुणी काही केलं नाही. वेळेवर ऊन, मोजकं पाणी, थंडीत झोप. दोन वर्षांनी, ५७च्या चैत्रात, मला एक फूल आलं आणि कुशीला एक पिल्लू दिसलं. लीनाने आईला बोलावून घेतलं आणि तिच्यासमोर ते पिल्लू मोकळं केलं. सुनीतीबाई हात मागे घेऊन म्हणाल्या, मला नको, मी मारीन त्याला. लीनाने ऐकलं नाही. लेकीने आईच्या पदरात कंद घातल्याचं आमच्या घराण्यात कुणी पाहिलं नव्हतं.

"मग काय करायचं ते मला लिहून दे," सुनीतीबाई म्हणाल्या.

लीनाने वाकड्यातिकड्या मराठीत चिठ्ठी लिहिली. मित्रांनो, तुमच्याकडे कुणी जुनं झाड विश्वासाने सोपवलं असेल तर ती तुम्हीही पाठ करा. आधी माती बोटाने बघायची. ओली असेल तर पाणी नाही. दूध कधीच नाही. कार्तिक ते माघ अजिबात हात लावायचा नाही, कितीही आठवण आली तरी.

शेवटच्या ओळीवर सुनीतीबाई थांबल्या. माझ्या कुंडीवर ओणवून त्यांनी ती पुन्हा वाचली, आणि त्यांच्या डोळ्यांतला एक थेंब माझ्या मातीत पडला. खारं पाणी आम्हा कंदांना मुळीच चालत नाही. तेवढं एक मी निमूट पिऊन टाकलं.