डावीकडचा ठेचा

देवीदासजींनी भाकर संपवली, वांग्याची भाजी पुसून खाल्ली, पण ठेच्याला बोटही लावलं नाही. ताटाची उजवी बाजू लख्ख, डावी जशीच्या तशी.

मनकर्णाबाईंच्या डोक्यात सणक गेली. अर्ध्या हुडको कॉलनीतल्या बाया या ठेच्यासाठी वाट्या घेऊन येत, आणि घरच्या धन्यानं तो टाकावा?

"काहो, लकव्याचा झटका मेंदूले आला का जिभेले?"

देवीदासजींनी उजवीकडच्या दाराकडे पाहिलं. "शुभमची माय कुठी गेली? आवाज तर येऊन राहिला."

शुभमची माय, म्हणजे मनकर्णाबाई, त्यांच्या डाव्या हाताशीच बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून जेवताना तिथंच बसत. सकाळी दाढी करताना डावा गाल तसाच ठेवून नवरा आरशासमोरून खुशीत उठला होता, तेव्हा त्यांना थट्टा वाटली होती. आता वाटलं, माणूस आपल्याला विसरला.

दुसऱ्या दिवशी रीना आली. ही जवळच्या बोरसी वस्तीतली पोरगी देवीदासजींच्या लुळ्या हाताचा व्यायाम घ्यायला येई. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आजी, आजोबा विसरले नाहीत. डोळेबी ठीक आहेत. उजव्या मेंदूत, कानाच्या वर, थोडा मागं एक भाग असते. डावीकडं काय आहे याची दखल तो घेते. त्यालेच मार बसला. म्हणून डावीकडं काही आहे, हे त्यांच्या मनातच येत नाही."

"म्हणजे डाव्या गेटावरचा चौकीदार ड्यूटी सोडून पळाला."

"हां, वैसाच समझो."

"मंग मी उजवीकडं बसतो. झालं!"

"बसा, लगेच दिसाल. पण मग त्यांना मान वळवाची गरजच नाही पडणार. बाकीचा मेंदू हे काम शिकू शकते, पण डावीकडून कोणी बोलावत राहिलं तर. वेळ लागेल. पूरा ठीक होईल असं मी सांगत नाही."

मनकर्णाबाई जन्मात कोणाच्या नजरेआड बसल्या नव्हत्या. लग्नात पहिल्या रांगेत, भांडणात त्याच्याही पुढं. तरी त्यांनी जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडला, रीनानं सांगितल्याप्रमाणे ताटाच्या डाव्या कडेशी लावला आणि आपल्या जागेवर बसल्या.

"लाल काठ सापडेपर्यंत पाहा! प्लांटात क्रेनवर होते तवा खालच्या माणसाच्या एका शिटीत मान वळे. बायको बोंबलून राहिली तर वळत नाही?"

मान उजवीकडेच जाई. कधी भाकरीपर्यंत येई, परत फिरे. बाई घसा बसेपर्यंत हाका मारत, न खाल्लेला ठेचा उचलत आणि दुसऱ्या दिवशी ताजा कुटत.

पावसाळा सरला. एका दुपारी देवीदासजींची नजर भाकरीवरून सरकली, मिठाशी थांबली, थोडी पुढं गेली आणि लाल काठाला अडली. बोट ठेच्यात बुडालं. मग नजरेला बांगड्या दिसल्या, कोपर दिसलं, तोंड दिसलं.

"अवं, तू कवा आली?"

"वरातीत आली. तवापासून उठलीच नाही."

त्यांनी बोट चाटलं. "मीठ जास्त झालं."

या ठेच्याला नाव ठेवायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. बाईंनी पदरानं नाक पुसलं.

"होऊ द्या. उद्या कमी टाकतो. पण चव घ्याले इकडंच पाहा लागंल."

डाव्या गालावर दाढी अजून तशीच होती. बाईंनी काठाचा उरलेला तुकडा उचलला आणि आरशाच्या डाव्या कडेशी लावायला गेल्या.