दात पडलेल्या पान्याची साक्ष

मित्रांनो, मी आयुष्यात एकदाही खोटं बोललो नाही. अर्थात मला बोलताच येत नाही, त्यामुळे हा मोठेपणा फारसा कष्टाचा नव्हता.

मी एक जुना पाइप-पाना आहे. उरल पर्वताकडच्या एका कारखान्यात जन्मलो आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे माझी किंमत माझ्याच दांड्यावर ठोकली गेली, म्हणजे कोणी जास्त मागू नये. पुढे तो देश बुडाला, ते चलन बुडालं. किंमत मात्र अजून वाचता येते.

फरगाना शहरात मी मामासोली उस्ताच्या हाती आलो. उस्ता, म्हणजे आमच्याकडचा कारागीर, नळकाम करायचा, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत असं काम त्याला क्वचितच मिळालं. दुसऱ्यांनी अर्धवट टाकलेलं पुरं करणं हाच त्याचा धंदा. लोक बाथरूम नवं करायला काढतात. पाइपवाला पाइप टाकून कोणाच्या तरी लग्नाला जातो, नळवाला कमवायला रशियाला जातो आणि टाइलवाला झाल्या-न झाल्या कामावर टाइल चढवून मोकळा होतो. मग मामासोलीला बोलावणं येतं. तो दारात उभा राहतो, जिभेने च्यक् करतो आणि विचारतो, “हे कुठल्या गाढवाने केलंय?” आमच्या विद्येतलं हे पहिलं वाक्य. ते नीट जमलं की पाइप मागाहून शिकले तरी चालतात.

आमचा संसार बरा चालला होता. एकदा गंजलेल्या सॉकेटशी झुंजताना माझा तिसरा दात पडला. उस्ता म्हणाला, “माझेही दोन गेलेत. चल, आता शोभतोस जोडीला.” तेव्हापासून मी जिथे चावेन तिथे दोन खुणा, मग मोकळी जागा, मग पुढची ओळ उमटू लागली. उस्ता ती गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचा. “ही आमची सही. कोणी नक्कल करून दाखवा!” त्या दिवसांत मी स्वतःला घरातलाच समजत असे.

मग उस्ताच्या मुलीचं, निगोराचं, लग्न झालं आणि घरात खराखुरा घरातला माणूस आला. जावई, एल्योर. जावई आला की चहाचा प्याला मानाने अर्धाच भरायचा, पुलावातला मांसाचा बरा तुकडा त्याच्या बाजूला सरकवायचा आणि त्याने काही मागितलं तर ‘कशाला’ असं विचारायचं नाही. वसंतात तो वडिलांना हाक मारावी तसा म्हणाला, “ओताजान, आईकडचा नळ गळतोय. पाना न्यू का?” सासऱ्याने मला रुमालात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

आईकडे आम्ही गेलोच नाही. गेलो ते सलोमत-ओपाच्या, म्हणजे सलोमतताईच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या टाइलवाल्याने एल्योरला परस्पर कामाला लावलं होतं. ओपा दिवसभर शिवणकामाला बाहेर असायची, तिने त्याचं तोंडही पाहिलं नाही. पाणी झिरपू नये म्हणून सांध्यावर धागा गुंडाळून सफेदा लावायचा असतो, हे मलासुद्धा ठाऊक आहे. त्या दिवशी धागा संपला. दुकान खालीच होतं, पण त्यासाठी जिना उतरावा लागला असता. एल्योरने सांधा कोरडाच बसवला, मला लटकून आवळला आणि फोनवर बोलत बोलत निघून गेला. टाइलवाल्याने त्यावर निळी टाइल लावली. मी घरी परतलो तो पुसून, तेल लावून. उस्ता भरून पावला. “बघा, पोरगा हत्यार किती जपतो!”

जर्दाळू पिकायच्या सुमारास उस्ताला ओपाचं बोलावणं आलं. बेसिन जमिनीवर होतं, नळ खोक्यात होते आणि भिंत गळत होती.

“उस्ता, येत्या रविवारी मुलीचं लग्न पक्कं करायला, नान मोडायला वराकडचे येणार,” ओपा म्हणाली. “आले की आधी हात धुवायला आत जातील. त्यांनी तिथे बादली पाहिली ना, तर माझ्या पोरीला जन्मभर ‘बादलीवाली’ म्हणतील.”

खालच्या मजल्यावरचा कोदिर-अका, म्हणजे कोदिरदादाही वर आला होता. “तुमचं बाथरूम फार सुंदर झालंय म्हणे, ओपा. माझ्या छतावर त्याचा नकाशा उमटलाय.”

उस्ताने च्यक् केलं, गाढवाची चौकशी केली. चहाबरोबर नान आला होता. त्यावर त्याने हात ठेवला. “या नानची शपथ. ज्याने हे केलंय त्याला शुक्रवारी चायखान्यात सगळ्यांसमोर उभा करतो.”

मग त्याने टाइल फोडली. सांधा दिसला. त्यावर दोन खुणा, मोकळी जागा, मग पुढची ओळ.

उस्ता तिकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मला वाटलं, माझी साक्ष झाली. आता न्याय.

त्याने सांधा सोडवला, धागा गुंडाळला, सफेदा लावला. काम देखणं केलं. पण आवळताना मला त्या जुन्या खुणांवरच धरलं आणि पुन्हा पुन्हा चावायला लावलं, ओळ पार विस्कटेपर्यंत. माझी सही माझ्याच तोंडाने पुसली.

पण छत गळणाऱ्या माणसाची नजर बारीक असते. “दात पडलेल्याचं काम दिसतंय,” कोदिर-अका म्हणाला.

“म्हणजे? सापडलं का गाढव?” ओपाने विचारलं.

उस्ता मला पुसू लागला.

“उस्ता, हात नानवर ठेवला होतात,” कोदिर-अकाने आठवण करून दिली.

उस्ताने मला वर धरलं. “हा.”

“पाना?”

“दात पडलाय. चावतो, पण धरत नाही. मध्ये कोणीतरी उसना नेला होता.”

“कोणी?”

उस्ता प्याल्यात बघू लागला. कोदिर-अकाने घसा खाकरला. “जावईबापू बरे आहेत ना, उस्ता?”

“बरे आहेत. देवाची कृपा.”

ओपाला रविवारी स्वतःलाच जावई मिळायचा होता. तिने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. “हत्यारच वाईट असलं तर माणूस तरी काय करणार!”

“लाख बोललात,” कोदिर-अका म्हणाला. त्याला तीन मुली होत्या, तिन्ही दिलेल्या.

शुक्रवारी शपथ पाळली गेली. चायखान्यात पुलावाच्या ताटांमध्ये मला उभं केलं. उस्ता म्हणाला, “हाच तो.”

“काय रे, कोणाच्या हाताखाली शिकलास?” एका म्हाताऱ्याने मला विचारलं. सगळे हसले. सर्वांत मोठ्याने एल्योर. “ओताजान, असलं हत्यार घरात ठेवूच नये,” तो म्हणाला. उस्ताने मांसाचा बरा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

तेव्हापासून मी इथेच, चायखान्यातल्या चुलीशेजारच्या खिळ्यावर आहे. उस्ताने नवा पाना घेतलाय. त्याला सगळे दात आहेत. एल्योरने तो आईच्या नळासाठी मागून नेल्याचं परवाच ऐकलं.

तर मित्रांनो, हत्यारं पुसून ठेवा, तेल लावा, पावसात टाकू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. चूक हाताची असेल तर हाताचं नाव घ्या. तेवढी छाती नसेल, तर निदान खिळा तरी चुलीच्या धुरापासून लांब ठोका.

वराकडची मंडळी रविवारी आली, हेही मला इथेच कळलं. त्या दिवशी सकाळपासून अख्ख्या इमारतीचं पाणी बंद होतं. सगळ्यांनी हात बादलीतल्या पाण्याने धुतले.