विकायचा नारळ, लावायचा नारळ

तीन दिवस माझं डोकं फिरलं होतं. तीच आकडेमोड प्रोग्राममध्ये दोनदा आली तर ती एकदाच करायची, एवढंच माझ्या कंपायलर लायब्ररीचं काम. पण तिला अशा सारख्या आकडेमोडींची एकही जोडी सापडत नव्हती. शोधणारं फंक्शन मी जेनेरिक लिहिलं होतं, कुठल्याही प्रकाराला चालेल असं. दोन गोष्टी सारख्या कधी मानायच्या, हे लिहायचा मात्र मी कंटाळा केला आणि प्रत्येक प्रकारावर डिराइव्ह मॅक्रो टाकला. तो हा कोड आपला आपण लिहून देतो.

नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत, खिडकीखाली, पप्पा आकार बघून नारळांचे ढीग लावत होते.

"कुठला नारळ कुठल्या माडाचा, बघत नाही का तुम्ही?" मी उगाच खेकसले.

"विकायच्या नारळाचा माड कशाला बघू?"

मी पुन्हा स्क्रीनकडे वळले. माझ्या प्रत्येक आकडेमोडीला ती कोडच्या कितव्या ओळीतली, तो क्रमांक चिकटलेला होता. मॅक्रो इमानदारीत तोही ताडून बघत होता, मग दोन आकडेमोडी सारख्या ठरणार कशा! मी तुलना हाताने लिहिली, क्रमांक वगळून. एक्केचाळीस जोड्या सापडल्या. आता हा क्रमांक हवाच कशाला, म्हणून मी तो रागाने पुसायला घेतला.

तेवढ्यात पप्पांनी ढिगातला एक नारळ उचलून पायरीवर ठेवला.

"हा का वेगळा?"

"वादळात टिकलेल्या माडाचा आहे. याचं रोप करायचंय. तेव्हा माड बघावाच लागतो."

मी क्रमांक राहू दिला. उद्या काही मोडलं, तर कुठल्या ओळीत मोडलं हे मलाही बघावंच लागणार आहे.