नळावरची चिठ्ठी

कुशलनं सिंकच्या नळावर चिठ्ठी चिकटवली आणि अंगठ्यानं टेप घट्ट दाबली. ‘विचारल्याशिवाय नळाला हात लावू नये.’ अक्षर मुद्दाम मोठं काढलं होतं, आईचा चष्मा कधी जागेवर नसायचा.

“आईंना काय वाटेल?” त्याच्या बायकोनं, अपर्णानं, बूट चढवता चढवता विचारलं.

“मार्चपर्यंतचाच प्रश्न आहे यार. हिवाळ्यात जेवढं पाणी वापरू, त्यावर वर्षभराचं सीवरचं, म्हणजे सांडपाण्याचं, बिल ठरतं. आणि आई मेथी धुताना नळ फुल सोडून ठेवते.”

अपर्णा कामावर गेली. सकाळी मेथीवरून तो आईवर खेकसला होता, तेही अपर्णासमोरच. आई, रमाबाई, तेव्हापासून खोलीत बसून होत्या. बाबा गेल्यावर त्यानंच हातापाया पडून त्यांना नागपूरहून इकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आणलं होतं. करमलं तर राहीन, नाहीतर मार्चमध्ये परत जाईन, असं त्या येतानाच म्हणाल्या होत्या.

दुपारी तळघरात बसून ऑफिसची ऑनलाइन मीटिंग संपवून तो वर आला. आई सिंकपाशी उभी होती. ओट्यावर बीपीची गोळी तशीच पडली होती.

“अजून गोळी घेतली नाहीस? कधीची उभी आहेस?”

“विचारायला थांबले.”

“पाणी प्यायला कशाला विचारायचं, आई?”

रमाबाईंनी गोळी जिभेवर ठेवली. मग वाकून ओंजळ तोंडाशी धरली.

“ओत,” त्या म्हणाल्या. “वरून ओत. माझ्या हाताला भांडं लागू देऊ नको.”

गावच्या विहिरीला शिवायची आईच्या वस्तीला बंदी होती आणि लहानगी आई कुणीतरी पाणी वाढेल म्हणून अशीच ताटकळायची. हीच गोष्ट सांगून त्यानं शाळेत चौदा एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल पटकावली होती. भाषण आईनंच बसवून घेतलं होतं.

त्यानं चिठ्ठी ओढली. कागद फाटला. ‘लावू नये’ एवढं टेपखाली तसंच राहिलं. तो ते नखानं खरवडत राहिला.

“आई, मला तसं...”

“बाजूला हो.”

त्यांनी नळ सोडला, अगदी पूर्ण. ओंजळ भरून प्यायल्या, पुन्हा भरली, पुन्हा प्यायल्या. तोंडावर पाणी मारलं आणि पदराला हात पुसत खोलीत गेल्या.

नळ मोठ्यानं वाहत होता. तो बंद करायला कुशलचा हात पुढे होईना.