पाच चिनी रायफली आणि अर्धा इंच

तिसगावच्या शिवारात भागवत अण्णांची वस्ती शोधायची असेल तर भागवत हे नाव घेऊ नये. त्या नावाचे चौघे आहेत. "रायफल अण्णा कुठं राहतात?" असं विचारावं, म्हणजे शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवतं.

घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर पाच चिनी रायफली टांगलेल्या दिसतात. देवांच्या तसबिरींच्या जरा वरच आहेत, पण देवांनी अजून तक्रार केलेली नाही. काळ्या कुळकुळीत, लांब नळीच्या, एकीवर तर दुर्बीणसुद्धा. आल्यागेल्याला चहाच्या आधी रायफली दाखवायच्या हा त्या घरचा रिवाज. "चिनी लष्कराच्या हायेत. त्यांचं जवान हेच घिऊन बर्फात उभं ऱ्हात्यात," असं अण्णा सांगतात, आणि पाहुण्याने हात पुढे केला की, "लांबून बघा. लोड हाय," म्हणतात.

आता खरं सांगायचं तर त्या लोड नव्हत्या आणि लष्कराच्याही नव्हत्या. चिनी मात्र होत्या, त्याबद्दल शंका नको. अण्णांचा स्वतःचा ट्रक. न्हावाशेव्याच्या बंदरावर कांदा उतरवून रिकामे परतताना वाटेत इंपोर्टेड वस्तूंचं एक दुकान लागतं, तिथे त्यांना पहिली रायफल दिसली. खोक्यावर रणगाडा होता, जवान होता, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'वय आठ वर्षे व त्यापुढील' असं छापलेलं होतं. अण्णा तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुठल्यातरी भरतीच्या अटीत बसत होते.

कारण खरी भरती त्यांना तीनदा नाकारून बसली होती. विशीत असताना नगरच्या मैदानावर तीनदा धावले, तीनदा पहिल्या दहात आले आणि तिन्ही वेळा छातीवर अडकले. फुगवून जेवढी वाढायला हवी तेवढी छाती वाढेना. मोजणाऱ्या साहेबाने कमतरता सेंटिमीटरमध्ये सांगितली. कुंपणाबाहेरून बघत असलेल्या मच्छिंद्राने गावात येऊन तिचे इंच केले आणि त्या दिवसापासून भागवताचं नाव 'अर्धा इंच' पडलं. मच्छिंद्र स्वतः धावण्यातच गळाला होता, पण ते कोणाच्या लक्षात नाही. गावाची स्मरणशक्ती अशीच असते, सोयीची.

वीस वर्षं हे नाव भागवताने सहन केलं. लग्नाच्या पंगतीत, ग्रामसभेत, बाजारात, सगळीकडे "ये रे अर्ध्या इंचा". मग ती रायफल भिंतीवर चढली आणि आठ दिवसांत चमत्कार झाला. लोक दबकून बोलू लागले. मागाहून आणखी चार आल्या. अर्धा इंच गेला, रायफल अण्णा आले. अण्णांच्या जिवाला याहून मोठी कमाई दुसरी नव्हती.

फक्त एक काळजी घ्यावी लागे. घोडा दाबला की त्या रायफली लाल दिवे लावून गाणं म्हणत. म्हणून अण्णांनी सगळे सेल काढून लोखंडी पेटीत ठेवले होते आणि कुलूप घातलं होतं. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. बायको लंकाबाई ओसरीवर शिलाईमशीन घेऊन बसे. अर्ध्या वस्तीची झंपरं आणि नवऱ्याचे सगळे शर्ट तीच शिवायची. तोंडात टाचण्या धरून काम करणारं माणूस कमी बोलतं, तशी तीही कमी बोलायची. रायफलींबद्दल तिने नऊ वर्षांत एक शब्द विचारला नाही.

दर खंडेनवमीला अण्णा पाचही रायफली पाटावर मांडत, हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत आणि फोटो मोबाईलच्या स्टेटसला लावत. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग निवडणूक आली.

निवडणूक जाहीर झाली की परवाना असलेल्यांनी आपल्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, असा नियमच आहे. गावात परवान्याची बंदूक एकच, श्रीमंत पाटलांची बारा बोअरची. ते ती दुपट्यात गुंडाळून वाजतगाजत घेऊन गेले आणि पावती घेऊन परतले. मग दोन दिवस चौकातल्या हॉटेलात बसून ती पावती चहाबरोबर सगळ्यांना वाचून दाखवत होते. तिसऱ्या दिवशी तिथे अण्णा भेटले.

"आन् अण्णा, तुमची पावती?" मच्छिंद्राने बशीतला चहा फुर्रकन ओढून विचारलं. "पाटलांच्या एका बंदुकीची येवढी पावती. तुमच्या पाचांची तर वहीच मिळंल."

सगळं हॉटेल अण्णांकडे बघू लागलं. यावर हसून विषय बदलता आला असता, ढेकर देऊन उठता आलं असतं, गाडीचं टायर बघायला जाता आलं असतं. पण बढाईखोर माणसाची जीभ डोक्याला विचारून चालत नाही.

"उद्या जमा करनार हाय," अण्णा म्हणाले. "मोठा माल हाय, गाडी लागती."

घरी येईपर्यंत त्यांना घाम फुटला. रायफली ठाण्यात नेल्या नाहीत तर मच्छिंद्र उद्याच ओरडणार, खोट्या हायेत म्हणून. नेल्या आणि खऱ्या आहेत म्हटलं तर बिनपरवान्याच्या पाच लष्करी रायफली स्वतःच्या हाताने पोलिसांना नेऊन देणारा माणूस, म्हणजे सरळ कोठडी. खेळण्यातल्या आहेत म्हटलं तर पुन्हा अर्धा इंच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही अण्णांनी स्वतःच खणलेल्या. रात्री त्यांना भाकरी गिळेना.

"काय हुतंय?" लंकाबाईने विचारलं.

"काय न्हाई. सरकारी काम म्हनल्यावर जरा इचार असतो."

तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ताट उचललं.

सकाळी अण्णा आंघोळ करून आले तर रायफली भिंतीवरून उतरवून गोधडीत बांधून तयार. "मी बी येते," लंकाबाई म्हणाली. "गोधडी माझी हाय." शेजारची झुंबरबाई, सत्तरी ओलांडलेली, न विचारताच केबिनमध्ये चढून बसली. तिला ठाण्यात काही काम नव्हतं, पण गाडी निघाली की बसायचं हा तिचा नेम. मागे फटफटीवर मच्छिंद्र आणि त्याच्या मागे श्रीमंत पाटील. पावती मिळते कशी ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

ठाण्यात छगन हवालदार टेबलावर रजिस्टर उघडून बसले होते. "बोला अण्णा."

"रायफली जमा करायच्यात. पाच नग."

"परवाना?"

अण्णांनी खिसे चाचपले, जणू परवाना विड्यांच्या बंडलाबरोबर राहिला असावा.

"बनावट कुठली?"

"चिनी," मागून मच्छिंद्र बोलला. "लष्कराच्या हायेत म्हनं. गावात समद्यांना सांगितलंय."

चिनी आणि लष्कर हे दोन शब्द ऐकल्यावर आतल्या खोलीतून फौजदार मॅडम बाहेर आल्या. नवीनच बदलून आलेल्या, तरण्याबांड, आवाज करडा. दोन शिपाई दारात उभे राहिले. मॅडमनी गोधडीकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"काका, यात लष्करी रायफली आहेत? परवाना नाही? काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला? किती वर्षं आत जाल, माहीत आहे?"

अण्णांनी मागे वळून पाहिलं. मच्छिंद्र दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आणि त्याच्या ओठांवर 'अर्धा इंच' हे शब्द तयार बसलेले अण्णांना स्पष्ट दिसले. मग त्यांनी छाती काढली, दोन्ही हात जोडून पुढे केले, बेड्या घालायला, आणि म्हणाले, "घाला आत."

माणूस अब्रूसाठी काय करेल याचा नेम नाही. छगन हवालदारांनी तर पेन खाली ठेवलं.

"थांबा," लंकाबाई म्हणाली. तिने गोधडीची गाठ सोडली, दुर्बिणीची रायफल उचलली, नळी छताकडे केली आणि घोडा दाबला.

दोन्ही शिपाई टेबलाखाली गेले. रायफलीला तीन लाल दिवे लागले, आतून ट्यँव ट्यँव असा आवाज निघाला, मग एक बारीक बाई चिनी भाषेत काहीतरी आनंदाने ओरडली, आणि शेवटी पिपाणीवर वाजवावं तसं गाणं सुरू झालं. ते थांबेचना. मॅडमनी रायफल घेऊन उलटीपालटी केली, हवालदारांनी थोपटली, एका शिपायाने टेबलाखालूनच, "पाण्यात बुडवा," असा सल्ला दिला.

"घोडा दोनदा दाबा," लंकाबाई शांतपणे म्हणाली. "म्हंजी बंद हुतंय."

मॅडमनी दोनदा दाबला. शांतता झाली. अण्णा जमिनीकडे बघत होते. नऊ वर्षं जपलेलं सगळं त्या गाण्याबरोबर निघून गेलं होतं आणि त्यांना रडू येत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"खेळनं!" मच्छिंद्र मांडीवर थाप मारून हसला. "आरं खेळनं हाय! अर्धा इंच त्यो अर्धा इंचच!"

"थोबाड मीट, मच्छिंद्रा," झुंबरबाई बाकावरून म्हणाली. "येवढं हसाय काय झालं? आमाला काय म्हाईत नव्हतं व्हय?"

"काय म्हाईत हुतं?" अण्णांच्या तोंडून शब्द निघाला.

"आरं भागवता, तू गाडी घिऊन गेलास की लंका त्या पुसाय उतरवायची. एकदा त्यात सेल घातल्यालं हुतं तवा माझ्या नातीनं दाबली. सा म्हैनं पोरगी तेच गानं म्हनत हुती. समद्या वस्तीला म्हाईत हाय. पर चोरांला न्हाई ना म्हाईत! नऊ वर्सं झाली, आपल्या वस्तीवरनं एक शेरडू गेलं का? पल्याडच्या वस्तीवर तीनदा चोरी झाली. ह्या भागवताच्या वस्तीला रायफली हायेत म्हून चोर वाट बदलून जात्यात." तिने मच्छिंद्राकडे काठी रोखली. "तुझी बी चार शेरडं तितंच बांधलेली असत्यात. आता गावभर बोंब मार, खोट्या हायेत म्हून. मंग उद्यापासनं राखनीला तू बस, कोंबडं आरवस्तोवर."

मच्छिंद्राचं हसू ओठांवरच वाळलं. त्याला आपली शेरडं आठवली असावीत, कारण तो एकदम टोपी नीट करू लागला.

"पन खरी बंदूक ती खरीच," श्रीमंत पाटील खाकरून म्हणाले.

"पाटील, तुम्ही बोलू नका," छगन हवालदार म्हणाले. "तुमच्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशीने मातीची घरटी केलीत. मी काडी घालून बघितली. रजिस्टरला 'बंद स्थितीत' लिहावं लागलं मला."

पावतीतही हे लिहिलेलं होतं, ते दोन दिवस वाचून दाखवताना पाटलांनी अंगठ्याखाली झाकलं होतं. आता ते बाहेर फटफटी बघायला गेले.

मॅडमना हसू आवरत नव्हतं, पण वर्दीमुळे आवरावं लागत होतं. "काका, खेळणी जमा होत नाहीत. घेऊन जा. आणि लष्कराच्या आहेत म्हणून पुन्हा सांगू नका."

"काय तरी कागद द्या, मॅडम," अण्णा हळूच म्हणाले. "हात हलवत कसं जानार?"

मॅडमनी हवालदारांना खूण केली. हवालदारांनी कोऱ्या कागदावर सावकाश लिहिलं, 'चिनी रायफली आणल्या, पाहिल्या, परत दिल्या. नग पाच. सेलसह. सर्व चालू स्थितीत.'

वस्तीवर गाडीतून उतरताना झुंबरबाई म्हणाली, "रायफल अण्णा, उद्या बाजाराला जानार का? मला बी यायचंय." मागून आलेल्या मच्छिंद्राने ते ऐकलं आणि तो आपली शेरडं मोजायला गेला.

घरी आल्यावर अण्णांनी रायफली एकेक करून भिंतीवर टांगल्या. मग ते ओसरीवर मशीनजवळ येऊन बसले.

"सेल कुनी घातलं?"

"मी. पेटीची दुसरी चावी माझ्याकडं असती. लोक हसतील तर हसू द्या, पर तुमाला आत जाऊ द्यायची न्हाई, असं ठरवलं हुतं."

"कवापासनं म्हाईत हुतं तुला?"

"पयल्या दिवसापासनं. खोक्यावर आठ वर्सं लिवलं हुतं की."

"मंग बोलली का न्हाईस?"

लंकाबाईने तोंडातल्या टाचण्या काढून मशीनवरच्या उशीला टोचल्या. "तुमचं शर्ट कोन शिवतं? रायफल आली त्या दिवाळीला छाती वाढली हुती तुमची. जुन्या मापाचा शर्ट बसंना. कशाला बोलू?"

"खोटं नको बोलूस."

"उठा. मोजून दावते."

अण्णा उठले. तिने गळ्यातली टेप काढून त्यांच्या छातीभोवती घातली. "फुगवा," म्हणाली. अण्णांनी डोळे मिटून, विशीतल्या त्या मैदानावर घेतला होता तसा श्वास आत ओढला. "बघा," ती म्हणाली, "लागतीय त्यापेक्षा अर्धा इंच जास्तच भरली."

टेपच्या आत तिचं बोट होतं. अण्णांना ते छातीवर नीट लागत होतं. पण श्वास जेवढा वेळ धरता येईल तेवढा त्यांनी धरून ठेवला.