अंतरपाटामागचा ताईत

परळीच्या बाजारात अमरनाथच्या फोटो स्टुडिओपुढं अमावस्येच्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मंदावलेल्या यंत्रांत प्राण फुंकणारे वेगानंद महाराज आले होते! सटवानं घरचा मिक्सर काखेत मारून आणला होता. एकानं ट्रॅक्टरची नुसती चावीच आणली होती.

"ट्रॅक्टर आणला असता, पण गर्दी लई हाय," तो म्हणाला.

आत टेबलावर जुना कॉम्प्युटर कुंकू लावून बसला होता. लग्नाचे व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीशिवाय चालत नव्हतं, म्हणून अमरनाथनं यंत्र जुनंच ठेवून आत नवी एसएसडी, म्हणजे चिपांची वेगवान डिस्क, बसवून घेतली होती. आधी ती सुसाट पळाली. पुढं इतकी रखडू लागली, की मंगलाष्टकं संपली तरी पडद्यावरच्या नवरीचा हार नवऱ्याच्या गळ्यात पडेना. गेल्या अमावस्येला महाराजांनी अंतरपाटाआड अंगारा लावून घटकाभर ताईत बांधला आणि यंत्र पळालं. काही दिवसांनी पुन्हा बसलं.

महाराजांनी फोनवरूनच निदान केलं. "यंत्राला बाईचा विटाळ झाला आहे. खुर्चीवर पुरुष बसवा."

ही बाई म्हणजे कावेरी, अमरनाथची बायको. तालुक्यातली कितीतरी लग्नं तिनंच त्या खुर्चीवर बसून कापली-जोडली होती. आठवड्यापासून खुर्ची तिला बंद होती आणि आज महाराज हा हुकूम कायमचा करणार होते. भाकरी थापताना तिच्या डोळ्यांत पाणी येई, मग त्या पाण्याचाच तिला राग येई. रिकाम्या वेळात एसएसडी का मंदावते, हे ती मोबाईलवर वाचत बसे.

दोन शिष्यांनी अंतरपाट धरला. पलीकडं महाराज आणि यंत्र, अलीकडं गाव.

"हे भस्म साक्षात कैलासावरचं!" अंतरपाटावरून राख उधळली गेली. थर्मल वीजकेंद्राची चिमणी तसली राख रोज घरपोच पाठवते आणि परळीकर ती खिडकीवरून पुसून टाकतात. पण सटवानं ती भक्तिभावानं कपाळी लावली, मिक्सरलाही लावली.

"आता ताईत बांधतो. शक्ती आत शिरली, की यंत्र स्वतः हुंकार देईल!"

टुडुंग!

"हर हर महादेव!" गर्दी गरजली.

कावेरीचे कान टवकारले. गिऱ्हाईकाचा पेनड्राईव्ह लावला, की हाच हुंकार ती रोज ऐकायची. ती पुढं झाली आणि तिनं अंतरपाट खस्सकन खाली ओढला.

मागं महाराज चष्मा चढवून माऊस फिरवत होते. लाल फडक्यातला ताईत कॉम्प्युटरच्या पोटात खुपसलेला होता आणि स्क्रीनवर हिरवी पट्टी पुढं सरकत होती.

"दूर हो बाई! यंत्र भस्म होईल!"

"होऊ द्या की. भस्माला तुमच्याकडं काय तोटा हाय?" कावेरीनं फडकं सोडलं. आत पेनड्राईव्ह!

"महाराज, हे काय हाय बे?" अमरनाथच्या तोंडून आदर आणि राग एकदमच निघाले.

"मी सांगते," कावेरी म्हणाली. "समजा पंगत उठली, पण वाढप्याला कुणी सांगितलंच न्हाई. नवी पंगत बसायला आली, की त्यानं आधी उष्ट्या पत्रावळ्या उचलायच्या, जागा पुसायची, मग वाढायचं. उशीर व्हणारच! मी जुनी लग्नं डिलीट करते, पण ही जुनी विंडोज एसएसडीला ते कळवतच न्हाई. ह्यातला प्रोग्राम कळवतो. डिस्क बनवणारी कंपनीच तो फुकट देते. अधूनमधून चालवायचा. त्याला अमावस्या लागत न्हाई."

"बाईच्या हातानं चालणार नाही!" महाराज ओरडले. "पट्टी जागीच थांबेल!"

कावेरी खुर्चीवर बसली. तिनं प्रोग्राम बंद केला आणि पहिल्यापासून स्वतः सुरू केला.

"आज माझा दुसरा दिवस हाय," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

हिरवी पट्टी आपली सरकत राहिली आणि टोकाला जाऊन पोचली. कावेरीनं अडलेलं लग्न लावलं. हार झटक्यात नवऱ्याच्या गळ्यात!

दारातून सासूबाई, जगदेवी, पुढं आल्या. "अमर, आपण लिंगायत. गळ्यात इष्टलिंग हाय, म्हंजे देव सदा अंगावरच. आपल्यात विटाळ पाळतच न्हाईत. माझ्या सासूनं मला कधी बाजूला बसवलं न्हाई, आन् तू कुणाचं ऐकून माझ्या सुनेला उठवलंस?"

अमरनाथची मान खाली गेली. महाराज चपला शोधत पुटपुटले, "निदान तो पेनड्राईव्ह तरी द्या."

"बांधलेला ताईत सोडत न्हाईत. माझ्या दंडाला बांधताना तुमीच म्हनलता!" सटवा म्हणाला. मग हळूच त्यानं मिक्सर पुढं केला. "वहिनी, ह्याचं काय करू?"

"मेकॅनिककडं न्या. काय बिघडलंय ते विचारा, आन् समजंस्तवर विचारा. खरा इलाज चारचौघांत करता येतो, भाऊ. कुणी पडदा धरला, तर आधी पडदा काढायला सांगा."

अमरनाथनं खाली पडलेला अंतरपाट उचलला, कीबोर्डवरची राख त्यानंच पुसली आणि बायकोची खुर्ची टेबलाजवळ सरकवून दिली.