वाढलेलं तेल

पट्टी त्याने पँटलाच पुसली. तिने आदल्या दिवशी मऊ सुती फडकं धुऊन, वाळवून, चौघडी घालून बॉनेटच्या कडेला ठेवलं होतं, अगदी डोळ्यांसमोर—आणि हा मेकॅनिक इंजिनातली तेल मोजायची ती लांब पट्टी ओढून काढतो, सरळ मांडीला पुसतो, पुन्हा आत सरकवतो, पुन्हा काढतो, उजेडाकडे धरतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. न बोलणं ही त्याची जुनी खोड. दर सहा महिन्यांनी यायचं, “काय मावशी, बरं ना?” एवढं म्हणायचं आणि उत्तर ऐकायच्या आत गाडीखाली शिरायचं. मग उरतात ते दोन पाय. आता पायांशी काय बोलायचं माणसाने? तरी ती बोलायची. वीस-वीस मिनिटं बोलायची, आणि खालून फक्त पाना आपटल्याचा आवाज यायचा.

“बघतोस काय असा?” ती म्हणाली. “तेल भरपूर आहे. कमी होतच नाही. उलट वाढलंय. वरच्या खुणेच्याही वर गेलंय. दर रविवारी बघते मी.”

हे सांगताना तिची मान आपोआप ताठ झाली. समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरांची गाडी नवी कोरी, तरी तेल पिते म्हणून रडत असतात; आणि हिची सोळा वर्षांची, दारावरचा रंग उडालेली, एवढीशी गाडी—तेल वाढवते! बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, तुझ्या हातालाच गुण आहे गं. गुण होताच. चार यत्ता शिकलेल्या बाईने गाडी सांभाळावी, हे काय येरागबाळ्याचं काम होतं?

मेकॅनिकने पट्टीचं टोक नाकाशी नेलं. वास घेतला.

गाडीबरोबर आलेलं पुस्तक अजून कपाटात होतं, कागदपत्रांच्या पिशवीत. त्यातली अक्षरं तिला लागायची नाहीत, फार बारीक, आकडे लागायचे. ह्यांनी एकदा चष्मा लावून, एखाद्या पोथीसारखं, वाचून दाखवलं होतं—इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. मग गाडी जुनी झाली म्हणून स्वतःच पेन्सिलीने महिने निम्मे केले. ते गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून किलोमीटर आधी व्हायचा प्रश्नच नव्हता. महिनेच आधी होत होते, नेमाने, एकामागून एक… काट्याखालचा आकडा सहा महिन्यांत अकराने पुढे जायचा, तोही मेकॅनिक पेट्रोल भरायला पंपावर नेऊन आणायचा म्हणून.

पण उभी गाडी मरते, एवढं तिला माहीत होतं. म्हणून सकाळी आठ वाजता, एक दिवस खाडा न करता, ती खाली यायची. शेजारच्या सीटवर बसायची, तिच्या सीटवर; चालवणाऱ्याच्या जागेवर ती कधी बसली नाही. तिथूनच वाकून गिअर मोकळा आहे ना हे हलवून बघायची, हात लांब करून किल्ली फिरवायची. दहा मिनिटं. पायांखालची जमीन थरथरायची, काच बारीक वाजायची, पुढचा काटा जागा झाल्यासारखा वर उठायचा. वर तीन खोल्यांत सगळं असं होतं की जिथे ठेवलं तिथेच राहायचं—भांडं, खुर्ची, पंख्याचं बटण, ती स्वतः. हात लावला की थरथरणारं हे एवढंच होतं. तिथे बसून ती रस्त्याकडे बघायची आणि तोंडातल्या तोंडात दिवसाची कामं सांगायची. कुणाला, ते तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

“मावशी, इकडे या जरा.”

त्याने इंजिनावरचं तेल भरायचं झाकण फिरवून काढलं होतं आणि उलटं धरलं होतं. आतून पिवळट पांढरा, सायीसारखा थर.

“दूध सांडलंय का त्यात?”

“पाणी आहे. वाफेचं. तेलात घुसळून असं होतं.” तो थांबला. “गाडी रोज चालू करता ना? किती वेळ?”

“दहा मिनिटं. घड्याळ लावून.”

“आणि हलवता?”

“कोण हलवणार? माझी आजी?”

तो हसला नाही. एरवी हसायचा. झाकण पुसत, तिच्याकडे न बघता त्याने सांगितलं. दहा मिनिटांत इंजिन कोमट होतं, तापत नाही. तापलं नाही की आतलं पाणी उडून जात नाही, पेट्रोल पुरतं जळत नाही, ते खाली झिरपतं आणि तेलात मिसळतं. बॅटरीही चालू करण्यात जेवढी जाते तेवढी भरून येत नाही. सायलेन्सर आतून गंजून जाळी झालाय. “एक वेळ उभी ठेवली असती तरी चाललं असतं,” तो म्हणाला. “तेल वाढलेलं नाही, मावशी. पातळ झालंय. वास घ्या.”

तिने घेतला. पेट्रोलचा वास, लपता लपत नव्हता. दर रविवारी ती पट्टी काढत होती, खूण बघत होती. वास घ्यायचं कधी सुचलं नाही.

वाढलेलं नाही…

अंग धरलंय हो त्यांनी, असं म्हणायचे लोक ह्यांच्याबद्दल. पाच वर्षांपूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा निम्मे झाले होते. तिने खिडकीपाशी खुर्ची लावली, उशा लावल्या, आणि सगळं त्या खुर्चीत आणून दिलं. पाणी, पेपर, दाढीचं सामान. भरवलंसुद्धा स्वतःच्या हाताने, उजवा हात धडधाकट असताना—सांडतात म्हणून. व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, पोरसवदा, केस कापलेली. चालवा त्यांना, म्हणायची, रोज दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत; थोडे धडपडले तरी चालेल. धडपडले तरी चालेल म्हणणारी ही कोण? चौथ्या दिवशी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस, मी समर्थ आहे. आणि ती होतीच. गाल भरले. मुलगी सासरहून आली, म्हणाली, आई, बाबा किती छान दिसतात गं. चपला होईनात तेव्हा एक माप मोठ्या आणल्या, कौतुकाने आणल्या. मग डॉक्टरांनी पावलावर अंगठा दाबला आणि उचलला… अंगठ्याएवढा खड्डा तसाच राहिला. ती बघत राहिली, आता भरेल, मग भरेल. पाणी साचलंय, डॉक्टर म्हणाले, बसून बसून.

त्या वेळी तिने ते ऐकलं होतं आणि डॉक्टरांना चहा विचारला होता.

“तुला हे आज कळलं?” तिने विचारलं.

मेकॅनिकने झाकण ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं.

“आज नाही ना?”

“मागच्या वेळीही असंच होतं.”

“आणि त्याच्या मागच्या?”

“थोडं कमी.” तो पाना शोधायला लागला, जो त्याच्याच खिशात होता. “तुम्ही एवढ्या कौतुकाने सांगत होता, मावशी, तेल वाढलं, तेल वाढलं… म्हटलं, जाऊ दे. दर खेपेला मी नवं घालतोच आहे. तुम्हाला बरं वाटत होतं.”

तुम्हाला बरं वाटत होतं.

तो गाडीखाली गेला. जुनं तेल पसरट टोपात पडायला लागलं. धार पाण्यासारखी पातळ, घाईची. ती बाजूला उभी राहिली. बोलायला काही नव्हतं आणि पाय समोर होते.

ह्यांना बोलता येत होतं. हळू, शब्दाला शब्द अडकत, पण येत होतं. मग एकदाही का म्हणाले नाहीत, मला उठव? उभ्या जन्मात शर्टाची गुंडी मला लावू दिली नाही त्या माणसाने. लग्न होऊन आले तेव्हा पाण्याचा तांब्या नेऊन दिला तर म्हणाले, हात आहेत मला. आणि शेवटी-शेवटी चमचा समोर धरला की तोंड उघडायचे. लगेच. मी समजायचे, भूक लागलीय. समजायचे, माझ्या हातचं गोड लागतंय. एका दुपारी दाराकडे बघत होते, बराच वेळ, उजवा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट—मी चमचा घेऊन आले आणि त्यांनी हात सोडला. माझ्याकडे बघितलं, चेहऱ्याकडे, नीट, जसं काही वाचतायत… आणि तोंड उघडलं. एक दिवस तरी मिटून घ्यायचं होतं. एक दिवस तरी चमचा ढकलायचा होता, मी रागावले असते, आदळआपट केली असती, मी काय मरत नव्हते…

टोप भरत आला. मेकॅनिकने खालचं बूच बसवलं, बाहेर आला, फिल्टर बदलला, नवं तेल ओतलं, मधासारखं, सावकाश. पट्टी घातली, काढली, तिच्यापुढे धरली. दोन खुणांच्या बरोब्बर मधोमध. तिने मान हलवली. तिच्याच्याने ते बघवेना.

“आता कसं करायचं?” तो म्हणाला. “आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर पळवायला हवी. मी येत जाईन रविवारी, तुम्हीही बसा. नाहीतर देऊन टाका चालवणाऱ्याला. तुम्ही म्हणाल तसं.”

तुम्ही म्हणाल तसं. तीन वर्षं, पाच वर्षं, चाळीस वर्षं, ती म्हणत होती तसंच झालं होतं. याचा तिला अभिमान होता; आत्ता सकाळपर्यंत होता. तिने तो चाचपून बघितला, जिथे असायचा तिथे, आणि हाताला काही लागेना. रस्त्यावरून कुणी सायकल ढकलत गेलं. उद्या आठ वाजता आपण काय करणार, हे तिला समजेना. सात वाजता कळेल, नऊ वाजताही कळेल, आठला काय?

“सांगते,” ती म्हणाली. “गाडीचं नंतर सांगते. आधी तुझं ऐक.”

त्याने हात पुसायचे थांबवले. तिला चांगलं सणसणीत बोलायचं होतं, जिन्यातल्या लोकांनी कान टवकारावेत असं. तिला ते जमायचं. पण आवाज आला तो खालचा, कुणाच्या तरी उशापाशी बसून बोलावं तसा, आणि तो ऐकून तीच क्षणभर थबकली.

“चूक माझी होती, तुला दिसत होती, आणि तू मला सांभाळून घेतलंस. चांगला माणूस आहेस तू. पण मला विचारशील तर फार वाईट केलंस.”